मजकूर की मजकुराचा फोटो?

एखादी मराठी पीडीएफ उघडा. कोणतीही चालेल: शाळेचं परिपत्रक, दिवाळी अंकातला लेख, सहामाहीची प्रश्नपत्रिका. तिच्यातली एक ओळ निवडा, कॉपी करा आणि कोऱ्या पानावर पेस्ट करा. जशीच्या तशी मराठी ओळ उमटली तर उत्तम. इंग्रजी अक्षरं, टक्क्याची चिन्हं आणि उलटसुलट कंस यांची रास पडली, तर फाइलमध्ये मराठी नाहीच, मराठीसारखं दिसणारं काहीतरी आहे. आणि ओळ निवडताच आली नाही, अख्खं पान एकदम निळं झालं, तर तिथे मजकूर नसून मजकुराचा फोटो आहे. अर्ध्या मिनिटाची ही परीक्षा. दृष्टिहीन विद्यार्थ्याला ते पान वाचता येईल की नाही, हे तिच्यातून बरंचसं कळतं.

पुस्तक विद्यार्थ्याच्या हाती पडण्याआधी ज्यांच्या हातांखालून जातं, त्या सगळ्यांसाठी हे पुस्तक लिहिलेलं आहे: शिक्षक, प्रकाशक, मुद्रितशोधक, डीटीपी करणारे. डिजिटल तंत्रज्ञान आणि समावेशक शिक्षण हा विषय मोठा आहे. लेखकांनी मात्र आपलं कुंपण आधीच आखून घेतलं आहे: मराठी मजकूर, आणि तो वाचू पाहणारी अंध व अल्पदृष्टी मुलं. मला हे पटलं. ‘सर्वांसाठी तंत्रज्ञान’ छापाची पुस्तकं वाचताना पानोपानी मान डोलावली जाते आणि सोमवारी शाळेत जाऊन नेमकं काय करायचं, ते शेवटपर्यंत कळत नाही.

आधी यंत्र कसं चालतं ते पाहू. स्क्रीन रीडर हे सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवतं. पानावर काय दिसतंय याच्याशी त्याचं देणंघेणं नसतं. फाइलच्या पोटात अक्षरांचे जे क्रमांक साठवलेले असतात, ते तो वाचतो. क्रमांक ‘म’चा असेल तर ‘म’ म्हणतो, डॉलरचा असेल तर डॉलर म्हणतो. शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या वळणाच्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीची चित्रं बसवलेली होती. कागदावर छापायला ती झकास. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, कवितासंग्रह, पाठ्यपुस्तकं, सगळं त्यांवर निघालं आणि कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते कागदाऐवजी फाइल वाचायची वेळ आली तेव्हा. डोळ्यांना ‘आपला देश’ दिसतं आणि कानात इंग्रजी अक्षरं व विरामचिन्हांची भेळ पडते.

युनिकोडच्या १९९१च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक मिळून तीस वर्षं उलटून गेली. तरी आपल्याकडच्या पानजुळणीत जुने फॉन्ट का टिकले, याची कारणं आळसापलीकडची आहेत. हात त्या कीबोर्डवर बसलेले होते. जुना मजकूर त्याच फॉन्टात साठलेला होता. पानं लावण्याच्या सॉफ्टवेअरना युनिकोडमधली जोडाक्षरं बरीच वर्षं धड जुळवता येत नव्हती; वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे. आणि युनिकोडमधले सुबक मराठी फॉन्ट मोजके होते. डीटीपीच्या माणसानं छपाईची सोय पाहिली, त्यात त्याची चूक काय? त्या पानाला कुणी कधी ऐकू पाहणार आहे, हे त्याला सांगितलंच नव्हतं.

समावेशक शिक्षणाची चर्चा निघाली की गाडी चटकन उपकरणांवर येते. किती टॅब वाटले, किती संगणक आले, कुठे स्मार्ट क्लास झाला. उपकरणं मोजता येतात, त्यांचे फोटो काढता येतात, उद्घाटनं करता येतात. पुस्तकाची फाइल कशी तयार झाली, याचा फोटो निघत नाही. पण अंध मुलीच्या हातात टॅब दिला आणि त्यात घातलेली पुस्तकं म्हणजे नुसती पानांची छायाचित्रं असली, तर आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? पुस्तक कुणाला वाचता येणार आणि कुणाला नाही, याचा निर्णय जुळणीच्या टेबलावर होऊन गेलेला असतो. वर्गात तो फक्त कळतो.

अंधांच्या वाचनाची आपल्याकडची वाटचाल पाहिली की हे अधिक स्पष्ट होतं. ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनी १९०० साली मुंबईत अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. तीच पुढे दादरची कमला मेहता अंधशाळा. भारतीय भाषांना मिळून एक ब्रेल असावं, हे भारती ब्रेलच्या रूपानं १९५१ साली ठरलं. सहा टिंबांत अख्खी बाराखडी बसते, पण जागा फार लागते. जाड कागदावर उठवलेली टिंबं, त्यामुळे शाळेच्या एका पुस्तकाचे ब्रेलमध्ये अनेक गठ्ठे होतात. ते दप्तरात मावत नाहीत, कपाटात मावत नाहीत, आणि शाळा जूनमध्ये सुरू होऊन ब्रेल पुस्तक पावसाळा सरल्यावर आलं, ही तक्रार विशेष शिक्षकांना नवी नाही.

मग टेप आली. कुणीतरी निवृत्त काका किंवा कॉलेजातली मुलगी आठवड्यातून काही तास येऊन पुस्तक वाचून द्यायची. मराठीत शेकडो पुस्तकं अशी हौसेनं ध्वनिमुद्रित झाली, आणि त्या आवाजांवर दहावी-बारावी पार केलेली माणसं आज बँकांत, शाळांत, न्यायालयांत काम करताहेत. पण कॅसेटला पान नसतं. ‘पान ४७ काढा, तिसरा प्रश्न’ असं बाई म्हणाल्या की बाकीचा वर्ग पान काढतो आणि हा मुलगा टेप पुढेमागे पळवत बसतो. सापडेपर्यंत उत्तर फळ्यावर लिहून झालेलं असतं. १९९६ साली स्थापन झालेल्या ‘डेझी’ या आंतरराष्ट्रीय संघटनेनं नेमका हाच प्रश्न धरला. डेझी पद्धतीच्या पुस्तकात प्रकरण, पोटशीर्षक, पान यांच्या खुणा घातलेल्या असतात. थेट पान ४७वर जाता येतं, तिथे खूण करून ठेवता येते. आवाज आधीही होता. पुस्तकात हिंडण्याची सोय ही खरी नवी गोष्ट.

कायदा या सगळ्यानंतर हलला. तोवर पुस्तक अंधांसाठी दुसऱ्या रूपात आणायचं म्हणजे स्वामित्वहक्काचा प्रश्न यायचा. २०१२च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात त्यासाठी सूट आली. पुढच्या वर्षी मराकेशमध्ये याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत ठरला. हे आपण अभिमानानं सांगत नाही, याचं मला नवल वाटतं. ऑगस्ट २०१६मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. त्याच वर्षीच्या दिव्यांगजन हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले आणि पुस्तकं, शिक्षणसाहित्य, योग्य ती साधनं ही ठरावीक प्रमाणात किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना अठराव्या वर्षापर्यंत मोफत देणं हे सरकारचं काम ठरवलं. एप्रिल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ई-केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सेवा वापरता येणं हा अनुच्छेद २१खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. कागदावर आपण मागे नाही.

यंत्राच्या बाजूनं मोठा बदल केला तो ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध तरुणांनी. ‘जॉज’सारखे जुने स्क्रीन रीडर चांगले होते, पण त्यांची किंमत आपल्याकडच्या साध्या शाळेला झेपणारी नव्हती. या दोघांनी २००६पासून ‘एनव्हीडीए’ नावाचा स्क्रीन रीडर बांधायला घेतला आणि तो फुकट, खुला ठेवला. त्याच्यासोबत येणारा ई-स्पीकचा आवाज मराठीही बोलतो. हा आवाज कोरडा आहे, यंत्रासारखा आहे, नव्यानं ऐकणाऱ्याला तो सहन होत नाही. सरावलेली मुलं मात्र त्याचा वेग इतका वाढवतात की शेजारी बसलेल्या डोळस माणसाला एक शब्द लागत नाही. ती दोन वाक्यं पुढे गेलेली असतात. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक हा स्क्रीन रीडर मुळातच असतो, तो चालू करायला वेगळा पैसा पडत नाही. मराठी आवाजांचे उच्चार अजून सुधारायचे आहेत. ‘जग’ आणि ‘जन्म’ यांतले दोन ज, ‘चोर’ आणि ‘चार’ यांतले दोन च या आवाजांना सरसकट कळतातच असं नाही, आणि मग धडा परगावच्या पाहुण्यानं वाचल्यासारखा ऐकू येतो. पण तेवढं चालतं. मुलं समजून घेतात.

समजून घेता येत नाही ते वेगळंच. छापील पानाचा फोटो असेल तर त्यातून अक्षरं ओळखून मजकूर काढणारं सॉफ्टवेअर आता मराठीलाही उपलब्ध आहे, आणि अनेक शाळा नाइलाजानं त्यावर भागवतात. गोष्टीच्या पुस्तकात एखादं अक्षर चुकलं तर संदर्भानं सावरता येतं. गणितात नाही. देवनागरीतले ‘घ’ आणि ‘ध’ यांत फरक केवढा, तर वरच्या एका वळणाचा आणि शिरोरेषेचा. सॉफ्टवेअरनं ‘घन संख्या’ची ‘धन संख्या’ केली, तर वाक्य व्याकरणानं बरोबर, गणितानंही अर्थपूर्ण, आणि पूर्ण चुकीचं. डोळस विद्यार्थी पानावर नजर टाकून शंका फेडेल. ऐकणाऱ्याला शंका येण्याचंच कारण नाही. तो इमानेइतबारे धन संख्यांची यादी लिहील, आणि मास्तर म्हणतील, याला घन कळलेलाच नाही.

गणिताचं आणखी एक. ‘क्ष अधिक दोन छेद तीन’ हे मोठ्यानं म्हणून पाहा. दोन छेद तीन मिळवायचे, की क्ष अधिक दोन या सगळ्याला तिनानं भागायचं? फळ्यावर छेदाची आडवी रेघ कुठून कुठवर आहे, त्यावर हे कळतं. आवाजात रेघ नाही. समीकरण चित्र म्हणून चिकटवलेलं असेल तर स्क्रीन रीडर ‘चित्र’ एवढंच म्हणतो; साध्या अक्षरांत टाइप केलेलं असेल तर वरचा गोंधळ होतो. समीकरण मॅथएमएल या पद्धतीनं लिहिलेलं असेल, तरच अपूर्णांक कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे तो सांगू शकतो. दहावीनंतर अंध मुलं कला शाखेकडे का वळतात, याची उत्तरं आपण त्यांच्या आवडीनिवडीत शोधतो. थोडी या आडव्या रेघेतही शोधावीत.

चित्रांबद्दल लेखकांनी एक सबंध प्रकरण खर्च केलं आहे आणि माझ्या मते ते या पुस्तकातलं सर्वांत कामाचं. चित्राला शब्दांत वर्णन जोडता येतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण भूगोलाच्या पुस्तकातल्या नद्यांच्या नकाशाला ‘महाराष्ट्राचा नकाशा’ एवढं वर्णन जोडलं तर नियम पाळला गेला, मुलाच्या हाती काही पडलं नाही. दुसऱ्या टोकाला किनाऱ्याचं प्रत्येक वळण आणि प्रत्येक रंगछटा सांगणारं पानभर वर्णनही कुचकामी. नकाशा त्या धड्यात कशासाठी आहे, हे आधी विचारावं लागतं. नद्यांसाठी असेल तर असं काही लिहिता येईल: गोदावरी नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरला उगम पावून पूर्वेकडे जाते, भीमा पुणे जिल्ह्यात भीमाशंकरला उगम पावून आग्नेयेला पंढरपूरवरून जाते आणि राज्याबाहेर कृष्णेला मिळते, पश्चिम घाटातून पश्चिमेला उतरणाऱ्या नद्या मात्र आखूड आहेत आणि थेट अरबी समुद्राला मिळतात. तीन वाक्यं. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं यातून देता येतात. आणि खरं सांगायचं तर नकाशा नुसता पाहून पुढचं पान उलटणाऱ्या डोळस मुलांपैकीही कितीजणांना एवढं सांगता येईल, शंकाच आहे.

इथे एका वादात शिरायला हवं, कारण लेखक त्यात थोडे हात राखून लिहितात. आता आवाज आहे, मग ब्रेल कशाला, असा सूर वाढतो आहे. मला तो मान्य नाही. ऐकून ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. केवळ कानांनी शिकलेल्या मुलाला ‘दिन’ आणि ‘दीन’ एकच. परिच्छेद कुठे मोडला, अवतरण कुठे बंद झालं, हे त्याला फार अंधुक जाणवतं. लिहायची वेळ आली की शुद्धलेखनाचे गुण जातात, आणि मग लिहून घेणाऱ्यावरचं अवलंबन आणखी वाढतं. बोटांखाली टिंबं वरखाली होणारी, फोनला जोडता येणारी ब्रेल पट्टी आता पूर्वीपेक्षा स्वस्त झाली आहे, तरी सामान्य घराला ती महागच पडते. आणि तिलाही शेवटी युनिकोड मजकूरच लागतो. फाइल नीट असेल तर तीच फाइल कानाला आवाज देते, बोटाला ब्रेल देते आणि अल्पदृष्टी मुलाला पडद्याबाहेर न सांडता हवी तेवढी मोठी अक्षरं देते. म्हणून आवाज विरुद्ध ब्रेल हे भांडण मला पोकळ वाटतं.

परीक्षेचं तेच. केंद्र सरकारच्या ऑगस्ट २०१८च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दिव्यांग परीक्षार्थींना ब्रेल, संगणक, मोठी अक्षरं किंवा ध्वनिमुद्रण यांतून पर्याय द्यावा आणि तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ द्यावा, असं म्हटलं होतं. प्रत्यक्षात लेखनिक घेऊनच बहुतेक पेपर होतात. लेखनिक चांगला मिळाला तर निभावतं. आठवी-नववीचा घाबरलेला मुलगा मिळाला, तर बारावीच्या मुलीला अर्थशास्त्राचं उत्तर सांगता सांगता प्रत्येक संज्ञेचं स्पेलिंगही सांगावं लागतं. संगणकावर स्वतः पेपर लिहिण्याची तिची तयारी असली, तरी शाळेनं तिला सहावीपासून संगणकावर लिहायला दिलेलं असावं लागतं. संगणक कक्षाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते सर नेमके रजेवर असतात, हा आपल्या शाळांचा जुना अनुभव. त्याला तंत्रज्ञानात उपाय नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, आणि पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड घरोघरी माहीत झाला. कोड स्कॅन केला की धड्याचा आवाज, चित्रफीत, सराव समोर येतो. ही कल्पना अंध मुलांना सगळ्यांत उपयोगी पडायला हवी. अडचण एवढीच की गुळगुळीत कागदावर तो चौकोन बोटाला लागत नाही. तो प्रत्येक धड्यात ठरलेल्या कोपऱ्यात असला आणि तिथे कागदाला जराशी कडा किंवा खाच असली, तर फोन कुठे धरायचा हे कळेल. शोध आधीच लागलेला होता. फक्त ज्याला तो सर्वाधिक लागणार, त्याला कुणी आधी विचारलं नव्हतं.

कर्णबधिर मुलांसाठीचं काम या पुस्तकाच्या कक्षेबाहेर आहे, पण उल्लेख हवा. त्यांना मजकूर दिसतो, तरी सांकेतिक भाषेत वाढलेल्या मुलाला मराठी ही दुसरी भाषा असते. पाठ्यपुस्तकं भारतीय सांकेतिक भाषेत आणण्यासाठी २०२०मध्ये एनसीईआरटीनं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राशी करार केला, आणि डिसेंबर २०२४मध्ये पीएम ई-विद्याची ३१ क्रमांकाची वाहिनी त्या भाषेसाठी सुरू झाली. करोनाच्या काळात छोट्याशा चौकटीत मास्क लावून शिकवणाऱ्या शिक्षकाकडे ही मुलं कशी पाहत बसली असतील, त्यावर कुणीतरी स्वतंत्र पुस्तक लिहावं.

त्याच काळात अंध मुलांच्या व्हॉट्सॲपवर वहीच्या पानांचे फोटो येत होते. धडा, गृहपाठ, सूचना, सगळं फोटोतच. स्क्रीन रीडर म्हणायचा, ‘फोटो’. पुढे, ‘फोटो’. पुढे, ‘फोटो’. आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे आणि २०२३पासून ‘बी माय आइज’सारखी ॲप चित्राचं वर्णनही सांगतात. त्यांनी घरातल्या बऱ्याच गोष्टी सोप्या केल्या: औषधाच्या पाकिटावर काय लिहिलंय, दुधाची तारीख उलटली का. पण आलेखातला स्तंभ कितीवर आहे हे ठामपणे चुकीचं सांगण्याची त्यांना खोड आहे, आणि ज्याला पडताळता येत नाही त्याच्यापुढे ठामपणा महाग पडतो. ‘आता एआय करेल की सगळं’ म्हणत प्रकाशकांनी अंग काढून घेऊ नये, हे लेखकांनी स्पष्ट लिहिलं ते बरं झालं.

आता पुस्तक कसं वाचावं याबद्दल. शिक्षकांनी चित्रांच्या वर्णनाचं प्रकरण आधी घ्यावं आणि आपल्या विषयातला एक धडा समोर ठेवून वाचावं. डीटीपी करणाऱ्यांनी जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये जाण्याच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. शीर्षक नुसतं ठळक आणि मोठं न करता त्याला ‘शीर्षक’ ही स्टाइल का लावायची, तक्ता स्पेसबार मारून का जुळवायचा नाही, रफार आणि ऱ्या कुठे बिघडतात, हे तिथे एकेक उदाहरण घेऊन दाखवलं आहे. प्रकाशकांनी मात्र मागच्या परिशिष्टातला कामाच्या ऑर्डरचा मसुदा पाहावा. त्यात चारच कलमं आहेत: मजकूर युनिकोडमध्ये हवा, शीर्षकांना आणि तक्त्यांना रचना हवी, चित्रांची वर्णनं लेखकानं लिहून द्यावीत, जुळारीवर सोडू नयेत, आणि छपाईच्या फाइलबरोबर वाचनाची फाइलही प्रकाशकाच्या ताब्यात यावी. तिसऱ्या कलमावर लेखकमंडळी कुरकुर करतील. मानधन वाढवून मागतील. ते द्यावं, कारण आलेख त्या ठिकाणी का घातला हे दुसऱ्या कुणाला माहीत नसतं.